काळ्या बीअरमधला बदाम

लेकीनं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढली, ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "आई, चाखून सांग." बस्स. कसली आहे, कुणाची आहे, कशासाठी चाखायची, काही नाही. तिथंच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

ही मुलगी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. पुण्याहून बसमध्ये बसली की शेजारच्या सीटवर कोण आलंय इथपासून तिचे फोन सुरू होतात. आणि त्या रविवारी घरात आली ती तोंडाला कुलूप लावून. चहा नको म्हणाली. पोहे अर्धे ठेवले. वडील कुठंयत म्हणून विचारलं, ते गावी गेलेत म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाली. का बरं झालं, ते विचारायला मी तोंड उघडलं तर ही बाटली पुढं.

मला तेव्हा ठाऊक नसलेली गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकते, उगाच टांगणीला लावत नाही. पुण्यात ज्या लहानशा बीअरच्या कारखान्यात ती काम करायची, तिथल्या मालकानं पहिल्यांदाच एक टाकी तिच्या एकटीच्या हवाली केली होती. तिनं तिच्यात चेरीची फळं घालून काळी बीअर केली. मालकानं घोट घेतला आणि म्हणाला, ही चेरी नाही, हा बाजारातला इसेन्स आहे, मग मी मागवलेल्या काश्मीरच्या चेऱ्या गेल्या कुठं? दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो टाकी गटारात सोडणार होता आणि हिला घरी पाठवणार होता. चोर ठरवून. म्हणून ती माझ्या नाकाकडं आली होती.

मग बोलली का नाही? कारण चाखणाऱ्याला आधी काही सांगायचं नसतं, हे मीच तिला शिकवलं होतं. पोरगी माझाच नियम पाळत होती, आणि मी त्या नियमाला लपवाछपवी समजत होते.

संशय हा माझा मूळचा स्वभाव नाही, ती माझी नोकरी होती. आता स्वभावही तोच झालाय. दूधवाला मला पाहून दुधावरचं झाकण स्वतःहून उघडतो. तूप विकणाऱ्या बाईनं आमची गल्लीच सोडली. पण तेव्हाच्या औरंगाबादेत, चिकलठाण्याच्या एका बीअरच्या कंपनीत, याच खोडीचा पगार मिळायचा. इथं बीअर फार बनते हे सगळ्यांना माहीत आहे. नळाला पाणी आठवड्यानं आणि बीअर मात्र रोज, असं रिक्षावालेसुद्धा सुनावतात, जणू मीच नळ बंद करते.

मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली, प्रयोगशाळेत लागले. एकदा जवाची नवी खेप आली तेव्हा मी सहज म्हणाले, याला ओल्या गोणपाटाचा वास येतोय. कुणालाच येत नव्हता. पोती फोडली तर तळाला बुरशी. त्यानंतर मोठ्या साहेबांनी मला चाखणाऱ्यांच्या खोलीत बसवलं, आणि तिथून मी निवृत्तीलाच उठले.

ती खोली प्रयोगशाळेच्या मागं होती. खिडकी नाही. आत लाल दिवा, म्हणजे बीअरचा रंग दिसू नये. रंग दिसला की जीभ खोटं बोलायला लागते. प्रत्येकापुढं तीन लहान ग्लास. दोन एकसारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं, आणि मग त्यात खोट काय ती सांगायची. एकमेकांशी बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, कारण शेजाऱ्याचं तोंड पाहिलं की आपल्यालाही तीच चव लागते. एक घोट, फार तर दोन, आणि ग्लास बाजूला. ग्लास संपवलेला मी कधी पाहिला नाही, माझाही नाही. शेवटी दोनच शब्द. "जाऊ द्या" किंवा "थांबवा." 'छान' या शब्दाला आमच्या खोलीत मज्जाव होता. छान म्हणणारा माणूस शोधायचं थांबतो, असं साहेब म्हणायचे.

खोटींना कंपनीची इंग्रजी नावं होती. माझी माझी वेगळी होती: उकडलेलं कणीस, भिजलेला पुठ्ठा, विझवलेली काडी, शिळं लोणी. एवढी वर्षं मी रोज सकाळी जाऊन जगात काय बिघडलंय तेच शोधत बसले. घरी येऊन एकदम निवांत कशी होणार?

आणि घरी माझ्यावर संशय घ्यायला सासूबाई होत्या. खुलताबादकडच्या शेतकरी घरातल्या. सिडकोच्या आमच्या दोन खोल्यांत त्या आल्या ते गावाकडचं नाक घेऊनच. चाखणाऱ्यानं गजरा माळायचा नसतो, वासाची पावडर लावायची नसते, न्याहारीला कांदा खायचा नसतो. नवी सून गजऱ्याला हात लावत नाही, हळदीकुंकवाचं अत्तर पुसून टाकते, पोह्यातला कांदा निवडून ठेवते, हे बघून त्यांना वाटलं असणार की पोरीचं काहीतरी बिनसलंय. एका संध्याकाळी मी दारात चपला काढत होते, तर त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"कंपनीत काय करती गं तू?"

"तपासते."

"काय तपासती?"

"पाणी," मी म्हणाले. बीअरमध्ये बहुतेक पाणीच असतं, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं.

त्यांनी नाक पुढं केलं. "पान्याला असला वास येत नाय."

मी चपला कोपऱ्यात सरकवल्या. त्या आत निघून गेल्या. मला वाटलं आता गावाकडं निरोप जाणार, दीर-जावा येणार, बैठक बसणार. तसलं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दारालगतच्या मोरीवर पाण्याचा तांब्या होता आणि शेजारी लवंगांची पितळी डबी.

"आधी चूळ भर, लवंग चाव. मंग माठाला हात लाव."

एवढंच. पुढं त्या गेल्या तोवर या विषयावर आमच्यात दुसरं वाक्य झालं नाही. नातेवाइकांना त्या सांगायच्या, "सून दवाच्या कंपनीत हाय. लई जोखमीचं काम." मला अजून कळत नाही की ते मला झाकणं होतं की स्वतःच्या घराला. माझा त्यांच्यावरचा संशयही तसा फिटलेला नाही. पण घरात बाटली कधी येणार नाही, हे मी न सांगता कबूल केलं होतं आणि पाळलंही होतं.

लेक जरा मोठी झाल्यावर तांब्या आणि डबी घेऊन दारात उभं राहायचं काम तिच्याकडं आलं. सगळ्यांच्या आया संध्याकाळी घरी आल्या की चूळ भरून लवंग खातात, असंच तिला वाटायचं. खरं कळलं ते कॉलेजात. आणि कळल्यावर लाजायचं सोडून हिनं तेच शिक्षण घेतलं. मी आडकाठी केली तर म्हणाली, "तू काय, पाणीच तपासायचीस ना? मी पाणी बनवते." बोलणं अगदी माझ्यावर गेलंय. निवृत्तीनंतर तांब्या मोरीवरून गेला, पण डबी राहिली. अजूनही बाहेरून काही खाऊन-पिऊन आले की हात डबीकडं जातो.

तर त्या रविवारी या घरात पहिली बाटली आली. भिंतीवरच्या फोटोतून सासूबाई वास घेतायत असं मला वाटलं.

"पोहे खाऊन चाखायचं नसतं," मी म्हणाले.

"तू खाल्ले नाहीस. मी बघितलं."

म्हणजे पोरीचं लक्ष होतं. मी ग्लास काढले. ती ड्रमातल्या पाण्यानं विसळायला निघाली तर तिला थांबवलं, साठवलेल्या पाण्याला औषधाचा वास असतो. फिल्टरच्या पाण्यानं विसळून ते उपडे घातले. बाटली बर्फासारखी गार होती, ती तशीच बाहेर ठेवायला लावली. असली काळी बीअर गार असली की तोंडातून शब्द काढत नाही. जरा ऊब लागली की बोलायला लागते. तेवढा वेळ आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि ती हाताची नखं बघत राहिली.

मग ओतली. काकवीसारखी काळी, तशीच जड पडली. वरचा फेस दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा, बारीक, लगेच न बसणारा. ग्लास खिडकीकडं धरला तर कडेला गडद लाल झाक दिसली. काळ्या बीअरला लाल झाक असू शकते, पण ही जरा जास्त होती. रंग घातलाय का? मी डोळे मिटून घेतले. आमच्या घरात लाल दिवा नाही, डोळे मिटणं एवढंच हातात.

आधी नाक. पहिला वास तव्यावर करपलेल्या ज्वारीच्या भाकरीचा, तो जो पापुद्रा तव्याला चिकटतो, त्याचा. त्याच्यामागं कोरी कॉफी. त्याच्या खाली करपत चाललेला गूळ, आणि सांगायला हरकत नाही, हे तिन्ही वास चांगले होते. जव नीट भाजला होता, राख होऊ दिली नव्हती. इथपर्यंत मला खोट सापडेना आणि त्यानं मी अस्वस्थ झाले. मग ग्लास हलवला आणि तो वर आला. बदाम. भिजवून सोललेला गोडा बदाम नाही. केकवाले एक थेंब घालतात त्या बाटलीतला बदाम.

घोट घेतला. तोंड भरून गेलं. जाड आहे, पण चिकट नाही. मध्यभागी करपलेली कडू चव, आणि दोन्ही गालांच्या आत आंबट. ते आंबट कुठलं ते मी शोधायला लागले. चिंचेचं नव्हे, चिंच दातांना लागते. जांभळाचं नव्हे, जांभूळ जीभ आखडून टाकतं. आवळा नाही, कैरी नाही. कुठलं तरी मांसल, काळपट फळ, ज्याला मी ओळखत नव्हते. गिळल्यावर शेवटी जवाचा कोरडा कडवटपणा आला, आणि त्याच्यावर, नाकाच्या मागून, पुन्हा तो बदाम. घोट गेला तरी तो जाईना. मी दुसरा घोट घेतला. तेच.

एवढं सगळं नीट केलंय, जव इतका सांभाळून भाजलाय, आणि शेवटी कुणीतरी कपाटातून बाटली काढून ओतलीय. मला राग आला.

"थांबवा," मी म्हणाले. सवयीनं तोंडातून तसंच आलं.

"का?"

"बदामाचा इसेन्स आहे. आणि कुठलं तरी आंबट फळ. फळ बरं आहे. इसेन्सनं घाण केलीय."

"फळ कुठलं?"

"तूच सांग."

"चेरी."

"चेरी?" मी हसलेच. "चेरी मला नको सांगू. यात चेरीचा मागमूस नाही."

ती ओट्याला टेकली आणि तशीच खाली फरशीवर बसली, लहानपणी बसायची तशी. "तूही तेच म्हणालीस," ती म्हणाली, आणि मग सगळं बाहेर आलं. टाकी, मालक, काश्मीरच्या चेऱ्या, सोमवार. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी जवळ तरी घेतलं असतं. ती एखाद्या तिऱ्हाईताला सांगावं तसं सांगत होती.

आणि मी काय केलं? पोलिसासारखे प्रश्न विचारले. चेऱ्या आल्या तेव्हा पेटी कुणी उघडली? टाकीत कुणी घातल्या? तुझ्याशिवाय टाकीला कुणी हात लावतं का? तिथं इसेन्सच्या बाटल्या असतात का?

"आई, तू पण?"

मला वाईट वाटलं. पण संशय गेला नाही, हेही खरं. तिनं घातला नसेल, तर दुसऱ्या कुणी घातला असेल. माझ्या जिभेला बदाम लागला होता, आणि माझी जीभ खोटं बोलत नाही यावर मी घर चालवलं होतं.

"हे बघ, चेरी मी तुझ्या जन्माच्या आधीपासून खातेय," मी म्हणाले.

आणि ते खरं होतं, निदान मला तसं वाटत होतं. कॉलेजच्या प्रवेशासाठी वडील मला गावाकडून एसटीनं घेऊन आले होते. माझं माहेरही खुलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. प्रवेश झाला तसे ते मला गुलमंडीजवळच्या एका बेकरीत घेऊन गेले. ते स्वतः कधी बेकरीत गेले नव्हते. काचेमागं पांढऱ्या क्रीमचा केक होता, त्यावर लालचुटुक चेरी. त्यांनी बोट दाखवून तोच मागितला, एकच. "खा," म्हणाले, "ह्ये शहरातलं फळ हाय. आपल्याकडं कुठं मिळनार?" मी केक आधी खाल्ला आणि चेरी शेवटी राखून ठेवली. ती गोड होती, मऊ होती, आणि तिच्यात बदाम अजिबात नव्हता. शहरात आल्याची चव म्हणून ती मला आजवर आठवते. प्रत्येक वाढदिवसाच्या केकवर मी ती ओळखून घेते.

लेकीला मी हे ऐकवलं. ती म्हणाली, "मग?"

"मग काय? नमुन्याशिवाय वाद नाही." हा कंपनीचा नियम. ज्याच्याशी ताडून बघायचं तो अस्सल जिन्नस समोर पाहिजे. मी फ्रीज उघडला. दारातल्या कप्प्यात फ्रूट सॅलडसाठी आणलेलं चेरीचं पाकीट होतं. तिनंही पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. त्यात टाकीतून गाळून काढलेल्या बिया होत्या आणि फ्रीझरमध्ये उरलेल्या थोड्या चेऱ्या, आता सैल पडलेल्या, काळपट. मी त्यांच्याकडं बघून नाक मुरडलं. चेरी लाल असते.

माझ्या चेऱ्या मी वाटीत काढल्या आणि कोमट पाण्यात धुवायला घेतल्या. साखर असली की खरी चव कळत नाही, ती उतरवल्याशिवाय चाखायचं नाही. पाणी लाल झालं. ओतलं, दुसरं घेतलं, तेही लाल झालं. फळ फिकट होत चाललं. अखेर एक उचललं, पुसलं आणि तोंडात टाकलं.

गोडवा नव्हता. बदाम नव्हता. जवळजवळ काहीच नव्हतं. मी चावत राहिले. आणि मग अगदी मागं, घशाच्या तोंडाशी, काहीतरी ओळखीचं हललं. डोक्यात नाव यायच्या आधी माझी जीभ ओठांवरून फिरली. चीक पुसायला. उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंगरावर जाळ्यांत हात घालून तोडून खाताना ओठांना चिकटतो ना, पांढरा, तो चीक. इथं चीक नव्हता, पण त्याची आठवण फळात उरली होती. तेवढ्यात दाताखाली काहीतरी आलं. तळहातावर घेतलं. चपटी, मिरचीच्या बीहून जराशी मोठी, अर्धवट तुटलेली बी.

मी लेकीच्या डब्यात पाहिलं. तिथं सगळ्या गोल, टणक, लाकडी बिया. एका फळात एक.

पाकीट उलटं केलं. दुसरं फळ नखानं उकललं, तिसरं उकललं. कापून बिया काढलेल्या होत्या, पण एकात तशीच चपटी बी राहून गेली होती.

"आई, काय झालं?"

"करवंद आहे हे," मी म्हणाले.

"काय?"

"करवंद. कच्चं. साखरेच्या पाकात मुरवलेलं, वरून लाल केलेलं." मला हसू येत होतं आणि रागही. राग बेकरीवाल्यांवर, पाकीटवाल्यांवर, स्वतःवर. डोंगरातून उठून शहरात आले आणि बापानं कौतुकानं शहरातलं फळ म्हणून जे खायला घातलं ते आमच्याच जाळीतलं. त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या ग्लासातली खोट काढत बसले, आणि ज्याच्याशी ताडून बघत होते तो नमुनाच खोटा होता.

लेक हसली नाही. तिनं डब्यातली एक काळपट चेरी उचलून माझ्यापुढं धरली. मी खाल्ली. आंबट, गोड, मांसल. ग्लासातलं ते अनोळखी आंबट हेच होतं, यात मला शंका उरली नाही. बदाम मात्र यात फारसा नव्हता.

"बी फोड," ती म्हणाली.

खलबत्त्यात घातली, टणक होती, दोनदा उडून बाहेर आली. फुटली तशी मी नाक खाली नेलं. आणि तो आला. बदाम. बाटलीतला नव्हे, पण त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा.

"टाकीत सबंध घातल्या होत्यास की फोडून?"

"सबंध, फळासकट. मुरताना बीचा वास आपोआप उतरतो. फोडून घालत नाहीत, विषारी असतात. एवढं कळतं मला."

"मालकाला सांगितलंस?"

"त्यानं सांगू दिलं तर ना. तो म्हणाला, केकवरच्या चेरीला कुठं असला वास असतो?"

म्हणजे मालकही त्याच केकवर वाढलेला. मला त्याची जरा कीव आली, फार नाही.

तरी माझं समाधान होईना. आता संशय स्वतःवर. लेकीचं तोंड एवढंसं झालंय म्हणून माझी जीभ तिच्या बाजूनं झुकत नसेल कशावरून? कंपनीत ज्याची बीअर त्याला खोलीत बसू देत नसत, मग जिची आई तिला कसं बसू द्यावं? मी तिला म्हणाले, तीन ग्लास मांड. ओट्यावरच्या डब्यात केकसाठी आणलेली बदामाच्या इसेन्सची बाटली होती. काही ग्लासांत इसेन्सचा थेंब घातलेलं पाणी आणि काहींत फोडलेली बी नुसती बुडवून लगेच काढलेलं पाणी, असं कर, म्हणाले. दोन एक प्रकारचे, एक वेगळा. कुठले दोन ते तू ठरव. मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले. मागं ग्लासांचे आवाज होत राहिले. नोकरीत कधी वाटली नव्हती एवढी भीती मला वाटत होती. तिथं चुकले असते तर एक टाकी अडली असती. इथं चुकले असते तर माझ्या मुलीला चोर म्हणणारी दोन माणसं झाली असती, त्यातली एक मी.

वळले. पहिल्याचा वास घेतला, जिभेला लावला, थुंकला. दुसरा. तिसरा. पुन्हा पहिला. इसेन्सचा बदाम सरळ येतो आणि पटकन तुटतो, त्याच्यामागं काही नसतं. बीचा बदाम हळू येतो आणि जाताना मागं लाकडासारखी, सालीसारखी कडसर चव ठेवून जातो.

"मधला इसेन्स. बाकी दोन बियांचे."

तिनं मान हलवली. मग मी बीअरचा ग्लास पुन्हा उचलला. आता पुरती ऊब आली होती. करपलेली भाकरी, कॉफी, गूळ, आंबट फळ, आणि शेवटी तो बदाम, जो घोट गेला तरी जात नव्हता. त्याच्यामागं लाकूड होतं. सालीची कडसर चव होती. मघाशीही ती होतीच, मी राग धरून बसले म्हणून मला लागली नव्हती.

"जाऊ दे," मी म्हणाले.

ती इतका वेळ उभी होती, ती खाली बसली. या वेळी खुर्चीवर.

मग आम्ही पिशवी भरली. माझं ते लाल पाकीट, चपटी बी कागदात गुंडाळून, तिच्या गोल बियांचा डबा, इसेन्सची बाटली. मालकाला आधी काही सांगू नको, मी तिला बजावलं, नुसते तीन ग्लास मांड आणि त्याला ओळखू दे. स्वतःच्या तोंडानं कळलेलं माणूस लवकर नाकारत नाही. पुढं त्यानं टाकी सोडली नाही आणि हिलाही काढलं नाही. माफी मागितली का, मी विचारलं, तर ती म्हणाली, त्यानं केकवरची चेरी खाणं सोडलं. माझा त्या मालकावर अजून भरवसा नाही, पण ते जाऊ दे.

निघायची वेळ झाली तेव्हा बाटलीत थोडी उरली होती. लेक बॅग भरत होती, आणि मी ओट्याशी उभी राहून ती ग्लासात ओतून घेतली. एक घोट, फार तर दोन, असं म्हणत होते. खिडकीतून खाली मुलं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी बाद झालं आणि भांडण लागलं, ते ऐकत राहिले. ग्लास खाली ठेवला तेव्हा त्यात फक्त फेसाची कड होती.

मागं पावलं वाजली. लेक दारालगतच्या मोरीशी उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात सासूबाईंची पितळी डबी, झाकण उघडलेली. लहानपणी उभी राहायची अगदी तशीच. माझ्याकडं बघत नव्हती, ग्लासाकडं बघत होती. मी संपवलेला ग्लास तिनं कधी पाहिला नव्हता. मीही नाही.

"घे," ती म्हणाली.

मी डबीचं झाकण लावलं.

"नको. चव जाईल."